आधीचे वीस दिवस

शनिवार, १३ सप्टेंबर

जूनमध्ये आमची शाळा बंद झाली. पटावर एकोणीस मुलं उरली होती. सव्वीस वर्षं घंटेवर जगलेल्या बाईला रिकामी दुपार फार मोठी वाटते, म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारचा वाचनवर्ग सुरू केला. अकरा मुलं येतात. त्यात माझी श्रुतिकाही, आठवीतली, आईचा वर्ग म्हणून तोंड वाकडं करून बसणारी.

आज सी विंगच्या शर्मिष्ठाने विचारलं, "बाई, नरसंहार म्हणजे किती माणसं? कितीला तो शब्द लागतो?"

मी शब्दकोशातलं उत्तर दिलं. मागे पंख्याखाली बी विंगच्या शेवंतीमावशी मेश्राम पेपर वाचत बसल्या होत्या. दर शनिवारी येतात, कोणाशी बोलत नाहीत. बासष्ट-त्रेसष्टच्या असतील. गडचिरोलीकडच्या. नवरा भाऊराव वनखात्यात होता, तो वारला. मुलगा चैतन्य इथे मुलुंडला एका लॅबमध्ये नोकरी करतो, म्हणून दोघं दोन वर्षांपासून भाड्याने राहतात. त्या पेपरची घडी घालत म्हणाल्या, "आकड्यानं नाही लागत तो शब्द, बाई. यादीनं लागते."

आणि उठून गेल्या. मुलं दाराकडे बघत राहिली. मला पुढचा धडा आठवेना.

मंगळवार, १६ सप्टेंबर

राजेश सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून आमच्या घरी फायलींना बसायला जागा आणि माणसांना नाही. आता भाडेकरूंचं नवीन रजिस्टर. "वरून सूचना आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच फिर ना गं," म्हणाला. नाव, घरात माणसं किती, मूळ गाव, जन्माचं ठिकाण, इथे कधीपासून. मला काम मिळालं म्हणून बरंच वाटलं.

बी विंगला शेवटी शेवंतीमावशींचं घर. दोन वर्षं झाली, पण भिंतीला एकही खिळा नाही. दाराजवळ दोन बॅगा भरलेल्या. मी म्हटलं, "कुठे गावाला?" तर म्हणाल्या, "नाही. त्या तशाच असतात."

जन्माचं ठिकाण विचारलं. "चामोर्शी लिहा." मी लिहीत असताना माझ्या हाताकडे बघत होत्या. "अक्षर सुंदर आहे तुमचं." मला छान वाटलं, शाळा सुटल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग मी शनिवारच्या त्या वाक्याबद्दल विचारलं. तेवढ्यात लिफ्ट मजल्यावर थांबली. पावलं दारावरून पुढे जाईपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा घेतला नसावा. मग हळू आवाजात बोलल्या. एकाहत्तर साली त्या आठ वर्षांच्या होत्या. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, खुलन्याच्या बाजूला त्यांचं खेडं होतं. आता ते नाही.

मी थक्क झाले. म्हणजे या मूळच्या बंगाली? बोलतात तर अस्सल गडचिरोलीचं मराठी. मी म्हटलं, "मावशी, हे मुलांना सांगाल? पुस्तकातून नाही कळत हो."

बराच वेळ त्या माझ्या मांडीवरच्या रजिस्टरकडे बघत होत्या. "हे आलं म्हणून सांगते. एरवी नसतं सांगितलं. पण कोणी काही लिहायचं नाही. मुलांना सांगून ठेवा."

निघताना मी विचारलं, "मग जन्माचं ठिकाण बदलू?"

"ते राहू द्या तसंच."

मीही खोडलं नाही. खाडाखोड केली की पान खराब दिसतं.

शनिवार, २० सप्टेंबर

पहिला शनिवार. त्यांनी आपली खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली. आवाज इतका हळू की मुलांना पुढे सरकावं लागलं.

"मारलं कसं ते पिक्चरमध्ये दाखवतात," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या आधीचे वीस दिवस सांगणार. ते कोणी दाखवत नाही."

पहिल्या दिवशी त्यांच्या शाळेचे मास्तर घरोघर आले. मावशींना अक्षरं त्यांनीच शिकवली होती. आईने शहाळं फोडून दिलं. मास्तरांनी विचारलं, घरात किती, मोठे पुरुष किती, बाहेरगावी कोण. वहीत लिहून घेतलं, मावशींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या घरी गेले.

शर्मिष्ठा म्हणाली, "म्हणजे ते वाईट होते?"

"त्यांना कोणीतरी लिहायला सांगितलं होतं. त्यांचं अक्षर सुंदर होतं."

सगळी मुलं वळून माझ्याकडे का बघायला लागली, कळलं नाही.

जाताना त्यांनी मुलांना अभ्यास दिला. आठवडाभर फक्त बघायचं. बिल्डिंगमध्ये काय बदललं ते. निरीक्षणशक्तीसाठी हा फार चांगला उपक्रम आहे. मला शाळेत असताना का सुचला नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

संध्याकाळी बी विंगचा जिना उतरत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एकदम मुलांच्या मधोमध आले. अकराच्या अकरा, चपला हातात, भिंतीला चिकटून उभी. त्यांच्यातून जाईपर्यंत मला ती तिथे आहेत हे कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "काय रे, लपाछपी?" कोणी हसलं नाही. शर्मिष्ठा म्हणाली, "बघतोय, बाई."

जेवताना श्रुतिका म्हणाली, "बाबा, बी विंगमध्ये तीन दारांवर बेलच्या खाली पेन्सिलने गोल काढलाय."

मी म्हटलं, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी काढला असेल.

"मी काढलाय," राजेश म्हणाला. "ज्यांची पडताळणी बाकी आहे ना, त्यांची खूण. नाहीतर वॉचमनला कसं कळणार? यात काय एवढं?"

श्रुतिकाने भात तसाच ठेवला. हल्ली ती नीट जेवत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज वारा खाडीकडून होता, कांजूरच्या डम्पिंगचा वास हॉलभर. खिडक्या लावून घेतल्या. मुलं माझ्या आधीच येऊन बसली होती. सगळ्यांनी चटया फिरवून दाराकडे तोंड केलं होतं. मी खिडकीशी उभी राहिले.

मावशी म्हणाल्या, आठव्या-नवव्या दिवसापासून शेजारी वस्तू परत करायला लागले. चाळण, विळा, कधीतरी नेलेली घागर. कोणी भांडलं नाही. वस्तू ओसरीवर ठेवायचे आणि जायचे. आई म्हणाली, लोकांना अचानक किती आठवण राहायला लागली. मैत्रीण तळ्यावर यायची थांबली. आणि नदीवरचा नावाडी करीमचाचा, जो रोज वडिलांना हाक मारायचा, तो त्यांना बघून मान फिरवायला लागला. "बाबांना त्याचंच सगळ्यात जास्त लागलं."

"तुम्ही पळून का नाही गेलात?" एका मुलाने विचारलं.

"कशावरून पळायचं, बाळा? कोणी काहीच करून नव्हतं राहिलं. सगळे सभ्य वागून राहिले होते."

मला पायांत गार वाटलं. पंखा बंद केला तरी गेलं नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

शेवंतीमावशी सोनं द्यायला आल्या होत्या. राजेश आतच बसून राहिला, मीही घाईत होते. त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे श्रावणापासून पडला होता, तो धुऊन ठेवलेलाच होता, लगेच हातात दिला. त्या डब्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या गेल्यावर श्रुतिका म्हणाली, "आई, रिकामा डबा दिलास तू."

खरंच की. आई असती तर निदान चार साखरेचे दाणे घातले असते. गडबडीत राहिलं. यात रडण्यासारखं काय होतं, श्रुतिकाचं मला कळत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शेवटचा शनिवार. अगदी सगळं लिहून काढते, एक शब्द सुटायला नको.

एकोणिसाव्या दिवशी आई-वडिलांनी मावशींना एकटीलाच नदीवर पाठवलं. नावेत करीमचाचा होता. त्याने त्यांना तागाच्या भाऱ्यांखाली झोपवलं आणि पलीकडे नेलं. वाटेत एकदाच बोलला. "मी तुझ्या बाबांशी बोलत राहिलो असतो तर यादी करणाऱ्यांनी माझ्या नावेवरही नजर ठेवली असती." विसाव्या दिवसाबद्दल मावशी काहीच बोलल्या नाहीत. पलीकडच्या काठावरून धूर दिसत होता, एवढंच. धूर शाळेच्या बाजूने सुरू झाला होता. मास्तरांचंही नाव कुठल्यातरी यादीत होतं, ते त्यांना खूप वर्षांनी कळलं.

मग चालत सरहद्द, मग छावणी. मामा आधीच, चौसष्ट साली येऊन गडचिरोलीकडे वसवलेला. तो शोधत छावणीत आला. त्याच्याकडे इथे राहू देणारं सरकारी निर्वासित-कार्ड होतं, पण एकाहत्तरच्या लोकांना ते मिळत नव्हतं. मामाची स्वतःची मुलगी शेफाली त्याच वर्षी तापाने गेली होती. "ती मेली होती, पण कार्डावर जिवंत होती," मावशी म्हणाल्या. मामाने तिच्या जागी यांना उभं केलं. शेफालीची शाळेत शेवंती झाली. "चौपन्न वर्षं मी दुसरीच्या नावानं म्हातारी होऊन राहिली."

इथे राजेशचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा मुलं एकेक करून, अगदी हळू, एकच शब्द म्हणत होती. कुजबुज दारापर्यंत येत होती, शब्द कळत नव्हता. मी आत पाऊल टाकलं आणि सगळी गप्प. मावशींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. लहान मुलीसारखं.

घरी श्रुतिकाला विचारलं, "त्यांचं खरं नाव सांगितलं ना त्यांनी?" ती म्हणाली, "तू बाहेर होतीस, आई."

बुधवार, १५ ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिन

दहा दिवस बसून मावशींची गोष्ट नीट लिहून काढली. टाइप करून आज नोटीस बोर्डावर लावली, सोसायटीच्या ग्रुपवरही टाकली. पाच पानं. मामाने मेलेल्या मुलीच्या जागी भाचीला उभं केलं, तो भाग वाचून ए विंगच्या जानकी वहिनींचे डोळे भरून आले. लिहायचं नाही अशी मावशींची अट होती, पण ती मुलांसाठी. आणि अशा गोष्टी लिहिल्या नाहीत तर विसरल्या जातात. मी नावसुद्धा बदललं नाही, खऱ्या माणसाचं खरं नाव असलं की किंमत असते.

राजेशने दोनदा वाचलं. "भारी लिहिलंयस. हे खरं आहे ना? कार्ड दुसरीचं होतं, म्हणजे?"

म्हटलं, "अरे, तू त्यातलं माणूस बघ ना."

"बघतोय की," तो म्हणाला.

संध्याकाळी बोर्डावरची पानं कोणीतरी काढून नेली होती. पिना मात्र व्यवस्थित एका रांगेत टोचून ठेवलेल्या. मी दुसरी प्रत लावली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दोन जण आले होते, साध्या कपड्यांत. अतिशय नम्र. चपला बाहेर काढल्या. राजेशशी बोलले, बोर्डाचे फोटो घेतले. मी चहा दिला. एकाने विचारलं, "यातलं सगळं खरं आहे ना?" मी बोलायच्या आत राजेशनेच सांगितलं, "मिसेस शिक्षिका आहेत, खोटं कशाला लिहितील?" दिवाळीनंतर जबाब घ्यायला येतो म्हणाले. जाताना कप स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवले.

मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे मी आजच लिहून ठेवते. उद्या लिहिता येईल की नाही माहीत नाही. कारण कप विसळताना माझ्या मनात एकदम आलं, त्यांना कुठल्या घरी जायचं ते विचारावं लागलं नाही. बी विंगकडे वळले आणि, जिन्याच्या जाळीतून मला दिसत होतं, बेलच्या खाली बघत बघत वर गेले.

शनिवार, १८ ऑक्टोबर

वर्गाला एकही मूल आलं नाही. साडेचारला चैतन्य आला. हॉलच्या दारातच उभा राहिला.

"ताई, आईने लिहू नका सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"अरे, ते मुलांसाठी..."

"तिला कागद दाखवायला सांगितलेत. शाळेचा दाखला आणि बाकी सगळं त्या शेफालीच्या कार्डावरून निघालेलं. आणि तुम्ही पाच पानांत लिहिलंय की ती शेफाली नाही. बाबांनासुद्धा तिने लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं होतं. मला मी नोकरीला लागल्यावर. आणि तुम्ही ग्रुपवर टाकलंत."

मी खाली बसले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नम्रपणे बोलत होता.

मग मी त्यांच्या घरी गेले. दार उघडलं, साखळी तशीच. फटीतून मावशींचा अर्धा चेहरा. मी माफी मागितली, काय काय बोलले आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरांचापण मला राग आला नव्हता, बाई," त्या म्हणाल्या. "जा. दिवाळी करा."

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

बी विंगच्या तीन खिडक्यांत अंधार. बाकी सगळीकडे माळा. रजिस्टर काढून पहिल्यापासून वाचलं. अक्षर सुंदर आहे. एकही खाडाखोड नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी अकराला हॉलमध्ये सगळे. ते दोघं, कमिटीचे चार, मावशी आणि चैतन्य एका बाजूला. राजेशने माझ्यासमोर कागद ठेवला. मी सदर हकीकत शेवंती मेश्राम यांच्या तोंडून स्वतः ऐकली, असं त्यावर टाइप केलं होतं.

"सही कर, म्हणजे झालं," राजेश म्हणाला.

मी म्हटलं, "मी काहीच ऐकलं नाही. ती गोष्ट मी रचली."

कोणीतरी हसलं. राजेश हसला नाही.

"शाळा गेल्यापासून मला रिकामपण सहन होत नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. "मुलांना गुंगवायला गोष्ट रचली. खरी वाटावी म्हणून शेजारच्या बाईंचं नाव घातलं. त्यांना विचारलंही नाही. तसं काही घडलेलं नाही. कुठलं खेडं नाही, कुठला मास्तर नाही."

बोलताना मावशींकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांची आई, वडील, ती नाव, तो धूर, सगळं मी एकेक करून पुसत होते आणि त्या समोर बसून ऐकत होत्या.

नम्र माणसाने रजिस्टर मागवलं. जन्माचं ठिकाण, चामोर्शी, माझ्याच अक्षरात. मग म्हणाला, "मुलांना विचारू." मी मुलांशी एक अक्षर बोलले नव्हते, बोर्डावर पानं लावली त्या दिवसापासून श्रुतिकाही माझ्याशी धड बोलत नव्हती.

मुलांना एकेक करून आत बोलावलं. पहिली शर्मिष्ठा. "बाई गोष्ट सांगायच्या. मावशी मागे पेपर वाचायच्या." दुसरा मुलगा. "बाई गोष्ट सांगायच्या. मावशी मागे पेपर वाचायच्या." तिसरा, चौथी. तेच शब्द, तोच सपाट आवाज, डोळे दारावर. कमिटीतल्या एकाने दरडावलं, तरी तेच. शेवटी श्रुतिका आली. राजेशने स्वतः विचारलं, "बेटा, खरं सांग. बाबाला सांग."

तिने बापाकडे पाहिलं. अशी बघणारी माझी मुलगी मला माहीत नाही.

"बाई गोष्ट सांगायच्या," ती म्हणाली. मला आई म्हणाली नाही. "मावशी मागे पेपर वाचायच्या."

राजेशला खरं काय ते माहीत होतं. त्याने पेन उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि लिहिलं, सदर मजकूर काल्पनिक असल्याचे लेखिकेने कबूल केले आहे. माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी राजेश खोडरबर घेऊन बी विंगला गेला. आल्यावर म्हणाला, "डाग राहतातच गं थोडे." मग बराच वेळ हात धूत होता. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. बहुतेक बोलणारही नाही.

ग्रुपवर माझ्याबद्दल चाललंय. एवढी शिकलेली बाई, शेजारणीवर असं कसं लिहिते. जानकी वहिनी म्हणे, मी उगाच रडले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कोणी येणार नाही असं धरून हॉल उघडला. चार वाजता अकराच्या अकरा आली. त्यांच्या मागून शेवंतीमावशी. अकरा महिन्यांचा करार घरमालकाने पुढे वाढवलेला नाही, महिनाअखेर ती दोघं जाणार. कुठे, ते चैतन्यने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मावशी मागे पंख्याखाली गेल्या नाहीत. मुलांच्या रांगेत, चटईवर बसल्या. पदर सारखा केला.

"सांगा, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही रचलेली गोष्ट."

मला वाटलं त्या मला शिक्षा देत आहेत. त्यांच्याकडे पाहिलं. तसं नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

मी सांगायला लागले. मास्तर, शहाळं, ओसरीवर ठेवलेली चाळण. त्यांच्यासारखाच माझा आवाज आपोआप खाली गेला. मुलांना सगळं पाठ असूनही ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी पुढे सरकली. मावशीही सरकल्या. तळ्याच्या ठिकाणी मी चुकून विहीर म्हटलं, त्यांनी दुरुस्त केलं नाही. नाव, ताग, पाण्याचा आवाज. पलीकडचा धूर. तिथे मला पुढे जाता येईना. मी माझ्या तोंडाने घडलं नाही म्हटलेल्या गावाच्या काठावर उभी होते.

शेवंतीमावशींनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"त्या मुलीचं पुढं काय झालं, बाई?"

मी म्हटलं, "ती जगली."

त्यांनी थोडा विचार केला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.